हात गुंतलेले असताना

बाबांच्या नडगीवरची जखम भरत नव्हती. पलंगाचा कोपरा लागला तेव्हा रक्तही फारसं आलं नव्हतं, पण कातडी ओल्या कागदासारखी सोलून निघाली होती. आईला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते.

एक दिवसाआड येणाऱ्या नर्सबाईंनी पट्टी सोडली, जखमेची कड बोटाने दाबून पाहिली आणि माझ्याकडे वळल्या.

"वरून मलम मी लावते. आतून कोण लावणार? वय झालं की कातडी पातळ होते, तिला रोज खायला घालावं लागतं. अंडी, मासे, डाळी. गाजर, टोमॅटो, पालेभाजी, एखादं संत्रं. मूठभर अक्रोड. काही महागडं सांगत नाहीये मी."

"सगळं करते हो. ते खात नाहीत."

"मग पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलात हलवू. तिथे नळीने देतील."

आई त्याच हॉस्पिटलातून परत आली नव्हती. "मी तिथे जाणार नाही," बाबा म्हणाले. दुकानदाराला पिशवी नको म्हणून सांगावं, इतक्या शांतपणे.

बाबांनी जन्मभर पुढच्या खोलीत बसून चामड्याच्या बॅगा शिवल्या. आई गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना जागा हवी म्हणून आमच्याकडे राहायला आलेल्या आत्याने त्यांचं कामाचं टेबल घासून पुसून त्यावर चादर घातली आणि हत्यारं पेटीत भरून माळ्यावर टाकली. "दादा, पुरे झालं आता. आराम कर," म्हणाली. मलाही ते पटलं होतं. तेव्हापासून आम्ही त्या टेबलापाशी जेवायला बसत होतो आणि बाबा जेवत नव्हते. ताटाच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून ते फोटोसाठी बसवल्यासारखे बसायचे. थोड्या वेळाने मी ताट उचलायचे.

"दादा, विमान करून भरवू का आता तुला?" आत्या म्हणाली.

"भूक नाही."

"भूक नसायला काय झालं? वहिनी बघ. सत्तरी आली तरी गाल कसे होते तिचे! मी इतकी क्रीमं थापते, तरी मनुका ती मनुकाच." मग आपण काय बोललो ते तिला कळलं आणि ती उगाचच पाणी आणायला उठली.

मी दर दुपारी बाजारात जात होते. नर्सबाईंनी सांगितलेलं सगळं ताजं आणायचे, चिरायचे, उकडायचे आणि सुकलेलं टाकून द्यायचे. ओझं उचलण्यापेक्षा ते टाकून देण्यानेच मी जास्त थकत होते. त्या दिवशी दारात पोचले आणि बॅगेचा बंद तुटला. गाजरं जिन्यावरून खाली गेली. मी तिथेच पायरीवर बसले. वेचायला जावंसंही वाटेना.

बाबा लंगडत दारापर्यंत आले. त्यांनी तुटलेलं टोक बोटांत धरून पाहिलं.

"कोणी शिवलीये ही? टाके आहेत की टाचण्या? पेटी काढ."

मी पेटी काढली. त्यांनी चादर बाजूला सारली, बॅग गुडघ्यांमधल्या लाकडी चिमट्यात धरली, दोऱ्याला मेण लावलं आणि दोन्ही टोकांना सुया ओवल्या. आरीने भोक, मग दोन्हीकडून दोन सुया आणि दोन्ही हात बाहेर ताणून एक टाका. मी अंडं आणि गाजर चिरून ताटली घेऊन गेले. ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणून शेजारी उभी राहिले.

त्यांनी मान न वळवता तोंड उघडलं.

मला क्षणभर कळलंच नाही. मग लहानपणापासून रोज येता-जाता पाहिलेलं दिसलं: रंगाने, गोंदाने माखलेले बाबांचे हात, खांद्याशी ताटली घेऊन उभी आई. दोरा मध्येच सैल सोडला तर टाका बिघडतो, म्हणून ते दुपारी कधी उठत नसत. आम्हाला ती कामाची घाई वाटायची. तेच त्यांचं जेवण होतं.

मी अंड्याचा तुकडा तोंडात दिला. त्यांनी चावला, गिळला, टाका ओढला. दुसरा दिला, तिसरा दिला. चौथ्याला तोंड उघडेना.

"बाबा?"

"तुझा?"

"माझा काय?"

"एक मला, एक तिला. नाहीतर उपाशीच राहायची ती उभ्या उभ्या."

हे मला माहीत नव्हतं. आई मागाहून स्वयंपाकघरात जेवते, असंच मी समजत आले होते. गाजराचा तुकडा मी तोंडात घातला. चव काही लागली नाही. मी तो चावून गिळेपर्यंत त्यांनी सुया थांबवून ठेवल्या. मग आ केला.

आत्या दारातून पाहत होती. ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कात्रीचा. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची चांगली, लग्नकार्यातच काढायची पर्स होती.

"दादा, माझ्याही पर्सचा बंद तुटलाय बघ."

बाबांनी कापलेल्या सरळ, स्वच्छ कडेवरून अंगठा फिरवला. बहिणीकडे पाहिलं.

"तुटलाय खरा," ते म्हणाले. "ठेव तिथे. उद्या बघतो."