सरजाबाईचं मत

मतदानाच्या दिवशी सकाळी राजेश्री कापूस येचायला निघालीच होती, तेवढ्यात नवऱ्यानं, बजरंगनं, तिला थांबवलं.

"आज वावर ऱ्हाऊ दे. मायला घेऊन शाळंत जा. तिला दिसत न्हाई, बटण तुलाच दाबायचंय. दोघींचं मत कपबशीला."

"पर आत्याबाई शिलाई मशीन म्हणायल्यात."

"म्हणू दे. आपल्या हरभऱ्याला पाणी कुणाच्या हिरीचं येतंय? व्यंकटरावाच्या. त्याची सून कपबशीवर सरपंचाला उभी हाय. पाण्यात ऱ्हाऊन माशासंगं वैर करतीस का?"

राजेश्रीनं कापसाची झोळी खुंटीला अडकवली. बोलायची सवयच नव्हती तिला.

म्हातारीला, सरजाबाईला, काचबिंदूनं गाठलेलं. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पर मत तिचं ठरलेलं होतं. शिलाई मशीनवर धम्मशीला उभी होती, गावात घरोघर औषध-गोळ्या देणारी आशाताई. ग्रामसभेला बायका जातच नव्हत्या, त्यांच्या सह्या घरबसल्या घ्यायचे. धम्मशीलानं दारोदार फिरून बायका गोळा केल्या अन् ग्रामसभेला नेल्या. त्या दिवशी सरजाबाई जल्मात पहिल्यांदा चारचौघांत बोलली. नळ पार शेवटच्या गल्लीपस्तोर न्या, म्हणाली. अन् नळ आला.

आज तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. सुनेचा हात धरून चालता चालता सांगायला लागली.

"माझी माय पहिल्या विलेक्शनला गेल्ती. मी तिच्या पदराला धरून. नाव लिवायला साहेब आल्ता, तवा आज्यानं सांगितलं, मुंजाजीची बायको म्हणून लिवा. परक्याला बाईचं नाव कसं सांगावं? मग यादीतनं तसली समदी नावं कटली. माय तशीच माघारी आली. म्होरच्या खेपंला साहेब आला, तर मायच उंबऱ्यात जाऊन हुबी ऱ्हायली. म्हणाली, माझं नाव तानुबाई हाय, लिवा."

राजेश्रीनं "व्हय का" म्हणलं.

शाळंत साहेबानं तिची सही घेतली. "आजी सांगतील तेच बटण दाबायचं, अन् बाहेर कुणाला सांगायचं न्हाई." पुठ्ठ्याच्या आडोशाला म्हातारी तिच्या कानाशी लागली, "शिलाई मशीन." राजेश्रीचं बोट शिलाई मशीनच्या बटणावर घुटमळलं. हिरीचं पाणी आठवलं, बजरंगचा आवाज आठवला. तिनं कपबशी दाबली.

"झालं का गं?"

"झालं, आत्याबाई."

म्हातारी हासली. शाईचं बोट तिनं वाटंत भेटंल त्याला दाखवलं.

निकाल लागला. धम्मशीला थोडक्यात पडली. तरी ती घरोघर भेटायला आली. सरजाबाईनं तिच्या तोंडावरनं हात फिरवला. "माझं मत तुलाच हुतं बग."

"म्हाईत हाय, आत्या. तेवढंच बास हाय मला."

राजेश्री चुलीपुढं बसलेली. भाकर तव्यावर करपली तरी तिला कळलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी तिला अन्न ग्वाड लागंना. दुपारी म्हातारी बाजंवर बसलेली. तिच्या पायाशी बसून राजेश्रीनं समदं सांगितलं. सरजाबाईनं शाईचं बोट अंगठ्यानं चोळलं. मग हळू म्हणाली, "माझं तू टाकलंस. तुजं कुणाला टाकलंस?"

"कपबशीला."

"तुज्या मनात कपबशी हुती?"

राजेश्रीच्या मनात काय होतं, हे तिला कुणीच इचारलं नव्हतं, अन् तिनंबी मनाला इचारलं नव्हतं.

"म्हंजी घरातली तिन्ही मतं बजरंगचीच झाली," म्हातारी म्हणाली. "चल. धम्मशीलाम्होरं मी खोटं बोलले. तिला खरं सांगायला पायजे."

धम्मशीलाच्या दारात राजेश्रीनंच तोंड उघडलं. ऐकून धम्मशीलानं पाण्याचा तांब्या दोघींम्होरं ठेवला. मग म्हणाली, "जाऊ दे वहिनी. एका मतानं मी काय निवडून आले नसते."

"तू आली असतीस का न्हाई, ते सोड," सरजाबाई म्हणाली. "माझं मत माझं हुतं."

माघारी निघताना राजेश्रीनं हात पुढं केला. म्हातारीनं तो धरला न्हाई. काठी टेकीत ती म्होरं चालायला लागली, अन् राजेश्री मागून सांगत ऱ्हायली, "आत्याबाई, डाव्या अंगाला दगुड हाय."

म्हातारी थांबली. आधी काठीनं चाचपून बघितलं, मग पाऊल टाकलं.