साडूच्या बाल्कनीतलं तळं

त्याचं

“आमचा आठवडा विकला,” फर्निचरवाला म्हणाला. मीठ इकडे द्या म्हणावं इतक्या सहज.

जेवणाच्या टेबलाभोवती चौघं होती. दोन बहिणी आणि त्यांचे नवरे. थोरलीच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, धाकटीच्या नवऱ्याचं फर्निचरचं. नात्याने साडू. मान चष्मेवाल्याचा मोठा, बाकी सगळं फर्निचरवाल्याचं मोठं. टेबलसुद्धा त्याचंच. आठ जणांचं, आणि घरात माणसं दोन.

चष्मेवाल्याने घास गिळला. “वा,” तो म्हणाला, “छान झालं.”

किंमतही चांगली आली, असं फर्निचरवाल्याने सांगितलं. घेतला होता त्यापेक्षा जास्त. एक एजंट आहे, त्याने सगळं जमवलं. एवढं बोलून त्याने थोरलीला वाढायचा आग्रह सुरू केला. धाकटी पाणी आणायला आत गेली. जग टेबलावर होता, भरलेला.

आपलं

आपला आठवडा विकला गेला नव्हता.

आठवडा म्हणजे डोंगरातल्या एका रिसॉर्टमधली खोली. दरवर्षी एक आठवडा ती तुमची, जन्मभर. उरलेलं वर्ष इतरांची. टाइमशेअर. बारा वर्षांपूर्वी कंपनीने दोन्ही जोडप्यांना एका हॉटेलात फुकट नाश्त्याला बोलावलं होतं. येणाऱ्याला प्रवासी बॅग भेट. टाय लावलेल्या मुलाने पडद्यावर तळं दाखवलं. फर्निचरवाल्याने तिथेच सही केली. थोरलीने टेबलाखालून नवऱ्याला चिमटा काढला. त्याने चिमटा सोसला आणि सही केली. साडूला तळं मिळणार आणि आपल्याला बॅग, हे त्याच्या घशाखाली उतरणारं नव्हतं.

बॅगेची चेन पहिल्याच प्रवासात गेली.

दोघांचे आठवडे वेगळे आले, खोल्याही वेगळ्या. साडूची खोली तळ्याच्या बाजूची. सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर चहाचा कप आणि कपामागे अख्खं तळं, असा फोटो तो दरवर्षी पाठवायचा. चष्मेवाल्याची खोली मागची. तिच्या बाल्कनीतून रिसॉर्टचं धुणं दिसायचं. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी, चादरींमागे जनरेटर, जनरेटरमागे भिंत.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पहिल्याच वर्षी तो कप घेऊन पायऱ्या उतरला, काठावरच्या एका दगडावर तो ठेवला, वाकून फोटो काढला आणि पाठवून दिला. आमच्या बाल्कनीतून जरा तिरकं दिसतं, असंही कळवलं. पुढे जेवणाच्या टेबलावर ते वाक्य वाढत गेलं. “समोरून तळं म्हणजे पोस्टर,” तो म्हणायचा. “गंमत तिरक्या तळ्यात असते.” थोरली तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची.

आता चष्मेवाला आणि थोरली तिकडे जातही नव्हते. मेंटेनन्सचं बिल मात्र न चुकता यायचं आणि दरवर्षी थोडं जाड व्हायचं. कपही आपला, दगडही आपला, आणि वर चादरी धुवायचे पैसेही आपण भरायचे.

त्याचं, त्याचं, त्याचं

साडू सुटला. आता त्याला बिल येणार नाही. आलेल्या पैशांतून तो आणखी मोठं टेबल घेईल. सोळा जणांचं. माणसं दोन.

चष्मेवाला दुकानात एका बाईंचे डोळे तपासत होता. त्या खालची ओळ वाचत होत्या आणि त्याला ऐकू येत नव्हतं. दोनदा वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं की चष्मा त्यांना लागलाय की त्याला.

एजंटचा नंबर मागायला जीभ वळेना. त्याने थोरलीला पुढे केलं: बहिणीला सहज विचार, माझं नाव नको. थोरलीने फोन केला. धाकटी इकडचं बोलली, तिकडचं बोलली, नंबर शोधून देते म्हणाली आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून फोन ठेवला.

“बघ,” चष्मेवाला म्हणाला. “आपण सुटलेलं त्यांना बघवणार नाही.”

थोरली म्हणाली, धाकटी लहानपणी काही फोडलं की अशीच बोलायची. त्याने ते ऐकलं नाही. त्याला ऐकायचं नव्हतं.

फोन

मग फोन आपणहूनच आला. दुकानात, काच घासायचं मशीन चालू असताना.

आवाज तुपात घोळवलेला होता. आपल्या आठवड्याला गिऱ्हाईक आहे, सर. पार्टीने आपल्या साडूंचा आठवडा घेतला, आता शेजारी आणखी एक खोली हवी आहे.

तुम्ही कोण, ऑफिस कुठे, माझा नंबर कुणी दिला, असं काहीतरी माणूस आधी विचारेल. चष्मेवाल्याने विचारलं, “साडूला किती दिले?”

पलीकडे क्षणभर शांतता. मासा गळाकडे आला की गळ टाकणारा श्वास धरतो, तेवढीच.

“ते सांगता येत नाही, सर,” आवाज म्हणाला. “पण तुमची किंमत त्यांच्यापेक्षा जास्त आहे.” आणि त्याने आकडा सांगितला.

चष्मेवाल्याने मशीन बंद केलं. ते जुनं झालं होतं, हल्ली काचांच्या कडा उडवत होतं. नव्या मशीनसाठी त्याने वर्षभर पैसे बाजूला काढले होते. आवाज ज्याला हस्तांतराची फी म्हणत होता, ती रक्कम जवळपास तेवढीच निघाली. आधी भरायची, विक्री झाली की परत. फक्त उद्या दुपारच्या आत. पार्टी परदेशी चालली आहे. आणि तोवर कुठे बोलू नका, सर. चांगल्या कामाला नजर लागते.

तिचं

थोरलीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. “काल तुम्ही गिऱ्हाइकाला फ्रेम विकलीत. पैसे तुम्ही घेतलेत की तुम्ही दिलेत?”

ते वेगळं, तो म्हणाला.

वेगळं कसं, ते त्याला सांगता येईना. मग त्याने हुकमाचं पान टाकलं: साडूने असंच केलं, आणि साडूचा आठवडा विकला गेला. थोरली म्हणाली, रिसॉर्टच्या ऑफिसला फोन करून विचारू, असा कुणी एजंट आहे का. तो म्हणाला, ऑफिसवाले कशाला हो म्हणतील, त्यांना आपलं बिल हवंय. ती म्हणाली, साडूंना तरी विचारा. त्यापेक्षा त्याने बाल्कनीतून उडी मारली असती. मागच्या.

“नवीन मशीन आलं नाही,” थोरली म्हणाली, “तर तुम्ही लोकांना उडालेल्या कडांच्या काचा देणार. आणि लोक साडूंकडे नाही येणार भांडायला.”

फोन, पुन्हा

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा थोरली दुकानात होती. त्याने मुद्दाम स्पीकर लावला. किंमत तिच्या कानांवर पडू दे. आणि आणखी एक गोष्ट पडू दे, म्हणून त्याने विचारलं:

“पार्टीने माझ्या खोलीला जास्त का लावले? साडूच्या का नाही?”

बारा वर्षं त्याला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

“तळं, सर,” आवाज म्हणाला. “साडूंच्या बाल्कनीतून समोर दिसतं, म्हणजे पोस्टर. तुमच्या बाल्कनीतून जरा तिरकं. गंमत तिरक्या तळ्यात असते, सर. पार्टीचेच शब्द.”

चष्मेवाल्याचा चेहरा उजळला, आणि उजळलेलाच राहिला, दिवा लावून माणूस घराबाहेर गेल्यासारखा.

थोरलीने हातातलं फडकं खाली ठेवलं.

“पार्टी बाल्कनीत गेली होती?” त्याने विचारलं.

“स्वतः, सर. अर्धा तास उभे होते.”

“चादरी होत्या का?”

“कसल्या चादरी, सर?”

हरवलेला आपलाच शर्ट अनोळखी माणसाच्या अंगावर दिसावा, तसं ते वाक्य त्याच्यासमोर उभं होतं. ते त्याने एकाच टेबलावर वापरलं होतं. तिथून ते फक्त एकाच माणसाने बाहेर नेलं असणार.

तो म्हणाला, सगळं लेखी पाठवा, मी रिसॉर्टला विचारून कळवतो. तूप लगेच थिजलं. वेळ गेली तर गेली, आवाज म्हणाला, पार्टी काही तुमच्यासाठी अडून बसलेली नाही. आणि मग: “तुमच्या साडूंनी एवढं नाही विचारलं. दोनदा भरले, चकार शब्द काढला नाही.”

दोनदा.

चष्मेवाल्याने फोन ठेवला. आधी त्याला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झाला. साडूला टोपी घातली होती. टेबल, जग, मीठ, सगळ्याला. तो आनंद चांगला पाच-सहा श्वास टिकला.

तेवढ्यात थोरलीने बिलावरचा नंबर शोधून रिसॉर्टच्या ऑफिसला फोन लावलाही होता. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं की त्यांचा कुणी एजंट नाही, आठवड्याच्या मालकाच्या परवानगीशिवाय खोली कुणाला दाखवत नाहीत, आणि कुणालाही आधी पैसे देऊ नका. आठवडा नको असेल तर आमच्याकडे अर्ज करा. पैसे मिळणार नाहीत, पण बिल थांबेल.

“जा, सांगून या,” थोरली म्हणाली.

तो म्हणाला, त्यांना कळेलच की.

“तिसऱ्यांदा भरल्यावर कळेल. माझी बहीण राहते त्या घरात.”

त्याचं दुकान

फर्निचरवाला त्याच्या दुकानातल्या सोफ्यावर बसला होता. प्लॅस्टिकचं कव्हर न काढलेल्या. हातात फोन. चष्मेवाल्याला बघून तो उठला, हसला, चहा मागवू लागला. चष्मेवाला म्हणाला, चहा नको. मग जे घडलं ते सांगितलं: फोन, फी, ऑफिसातल्या बाई. सांगताना आवाजातला आनंद त्याला नीट लपवता आला नाही.

फर्निचरवाल्याने सगळं ऐकलं आणि सोफ्याच्या प्लॅस्टिकवरची सुरकुती हाताने सपाट केली. पैसे आलेत, म्हणाला. म्हणजे येतायत. फक्त कराचा शेवटचा हप्ता राहिलाय, तो आज भरायचा. पार्टीला दोन खोल्या हव्यात, दुसरी मिळाली की लगेच पैसे मोकळे होतात, म्हणून तर त्याने साडूभाऊंचा नंबर दिला. भल्यासाठीच.

नका भरू, चष्मेवाला म्हणाला.

“तुमच्या पोटात दुखतंय, साडूभाऊ,” फर्निचरवाला म्हणाला. राग नव्हता आवाजात, नुसता थकवा होता. “नाश्त्याला सही केली तेव्हापासून दुखतंय. मला काय कळत नाही? माझा व्यवहार मोडायला आलात.”

ते खरं होतं. दुखत होतंच. आत्ताही, ह्या सोफ्याकडे बघूनसुद्धा. ऑफिसातल्या बाईंचं नाव पुन्हा घेऊन उपयोग नव्हता. काल त्याने स्वतःच त्या ऑफिसावर विश्वास ठेवला नव्हता. निघून जावं, एवढंच सोपं होतं. आपण सांगितलं, त्याने ऐकलं नाही, हात झटकून मोकळं. आणि पुढच्या जेवणाला टेबलावर साडू गप्प बसलेला बघावा, पोटभर.

त्याला धाकटी आठवली. भरलेला जग समोर असताना पाणी आणायला आत गेलेली.

“तो म्हणाला, पार्टीला माझ्या बाल्कनीतून तिरकं तळं दिसलं,” चष्मेवाला म्हणाला.

“मग? दिसतंच ना तुमच्याकडून. मीच सांगितलं त्याला.”

“नाही दिसत.”

फर्निचरवाल्याने वर पाहिलं.

“माझ्या बाल्कनीतून धुणं दिसतं. चादरी. त्यांच्यामागे जनरेटर. तळं कधीच दिसलं नाही, तिरकंही नाही. कुणी उभंच नव्हतं तिथे, साडूभाऊ. मी तुमच्या टेबलावर थाप मारली, ती तुम्ही त्याला सांगितलीत, आणि त्याने मला विकली.”

फर्निचरवाल्याच्या हातातला फोन वाजू लागला. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि फोन पालथा करून सोफ्यावर ठेवला. प्लॅस्टिकवर तो थरथरत थोडा सरकला, मग थांबला.

“आणि ते फोटो?” फर्निचरवाल्याने विचारलं.

“खाली उतरून काढायचो. दगडावर कप ठेवून.”

“दरवर्षी?”

“गेलो त्या वर्षी.”

फर्निचरवाला हसायला लागला. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळे पुसत. चष्मेवाल्याने ते हसू चिमट्यासारखंच सोसलं. हसता हसता कुठेतरी त्यातलं हसू संपलं, पण डोळे पुसणं चालूच राहिलं. दोनदा भरले, तो म्हणाला. धाकटी नको म्हणत होती. पैसे भरून बसलोय हे तुम्हाला सांगणार कसं, म्हणून विकला असं सांगून टाकलं. एकदा तुम्हाला सांगितल्यावर विकला जायलाच हवा होता.

चष्मेवाला त्याच्या शेजारी बसला. प्लॅस्टिक कुरकुरलं. अर्ज दोघांचे बरोबरच पाठवू, तो म्हणाला, आणि भरलेल्या पैशांची तक्रारही आजच करू. फर्निचरवाल्याने मान हलवली. पालथा फोन पुन्हा वाजला. दोघांनी तो वाजू दिला.

मग फर्निचरवाल्याने विचारलं, “तुम्हाला किती सांगितली होती हो किंमत?”

चष्मेवाल्याने आकडा सांगितला.

फर्निचरवाल्याचा हात प्लॅस्टिकवर थांबला. “मागच्या खोलीची?” तो म्हणाला. “धुण्याच्या बाजूची?”

“हो.”

“माझ्यापेक्षा जास्त?”

चष्मेवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता. फ्रेम लावून बघायच्या आरशात तो रोज दिसायचा. त्या माणसाने काहीही आकडा सांगितला असता, हवेतलाच होता तो, कागदावरसुद्धा नव्हता, हे सगळं त्याला सांगता आलं असतं.

“बरीच,” चष्मेवाला म्हणाला.