हात फिरवलेले फोटो

ताईच्या स्टुडिओचा एकच नियम होता: कुणाचाही चेहरा आहे तसा दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. फोटो ओळखपत्राचा असो नाहीतर लग्नाचा, कॉम्प्युटरवर आला की ताई त्यावर हात फिरवायची. मुरमं गायब, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब. गिऱ्हाईक खूश, ताई त्याहून खूश. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मग तिच्या धाकट्या बहिणीला ल्युपस झाला. धाकटी घरोघरी पार्सलं पोचवायची. उन्हातान्हात सायकल दामटणारी, एका जागी दोन मिनिटं न टिकणारी पोरगी! अंगातली रोगाशी लढायची ताकद अंगावरच उलटावी असा हा आजार, आणि उन्हाचं तर त्याला निमित्तच पुरे. नाकावर, दोन्ही गालांवर लालभडक चट्टे उठले. केस मुठीमुठीने गळायला लागले. नोकरी सुटली. आता ती ताईच्या काउंटरवर, खिडकीकडे पाठ करून फोटो कापत बसायची.

"वटवाघूळ झालंय माझं," असं म्हणून हसायची. हसताना गाल हुळहुळले, की लगेच थांबायची.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "चट्टे वेळेत आटोक्यात आले तर खूण राहणार नाही. उशीर झाला तर कायमचे वण. दर आठवड्याला फोटो पाठवा, त्यावरून मी औषध कमी-जास्त करीन." फोटो काढायला ताई घरचीच. दर शनिवारी ती धाकटीला स्टुलावर बसवायची.

फोटो समोर आला की ताईचा जीव गलबलायचा. एवढी देखणी पोर, आणि हा अवतार! मग ती हात फिरवायची. फार नाही, कडा जराशा पुसट, लाली जराशी कमी. डॉक्टरांना काय, समजतंच त्यांना, अशी तिने मनाची समजूत घातली होती. खरं तर तिला ते बघवत नव्हतं.

चौथ्या शनिवारनंतर निरोप आला: छान उतार पडतोय, औषध निम्मं करा. ताईने मूळ फोटो पुन्हा उघडून बघितले; चट्टे होते तसेच होते. पण आता खरा फोटो पाठवला तर आधीचे चार खोटे ठरले असते. बावीस वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पुढच्या शनिवारीही हात फिरला.

दीड महिन्याने दोघी तपासणीला गेल्या. डॉक्टरबाईंनी धाकटीची हनुवटी वर केली, मग फोटो बघितले, मग पुन्हा चेहरा. चट्ट्यांच्या मधोमधची कातडी पांढुरकी होऊन आत बसली होती.

"हे आता भरून यायचं नाही," त्या म्हणाल्या. "फोटोत तर असं काहीच नव्हतं."

ताईने मान खाली घालून सगळं कबूल केलं. डॉक्टरबाईंनी औषध पुन्हा पूर्ण केलं.

परतताना धाकटी छत्री चेहऱ्यावर ओढून चालत होती.

"शिव्या दे मला," ताई म्हणाली. "काहीतरी बोल ना गं."

"काय बोलू? मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"फोटो पाठवायचं कोण? मीच ना, काउंटरवरून. पाठवायच्या आधी किती वेळ बघत बसायचे. पहिल्यासारखी दिसायचे गं मी त्यात." धाकटीने छत्री आणखी खाली घेतली. "वाटायचं, पुढच्या शनिवारी सांगू तुला."