दाजींचा पिंजरा

कारखान्यातले झाडून सगळे त्यांना दाजी म्हणत. खरं तर ते दाजी होते एकट्या मालकाचे, म्हणजे मालकाच्या धाकट्या बहिणीचे नवरे. पण मालक म्हणतो म्हणून फोरमन म्हणायला लागला, फोरमन म्हणतो म्हणून पॅकिंगच्या बायका, आणि आता त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकाखेरीज कुठे उरलं नव्हतं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह मात्र चौदा वर्षं मुकाट्यानं मेहुण्याभोवती फिरत होता.

दाजींचं काम काय, तर सायकलची कुलपं तोडायची. कारखाना बनवणार, दाजी तोडणार. तुकडे उडून कुणाचा डोळा जाऊ नये म्हणून चाचणीच्या खोलीत लोखंडी जाळीचा पिंजरा होता, त्यात उभं राहून ते हातोडा, करवत, पहार चालवत. चाचणीला बसण्याआधी किल्ली पाकिटात घालून मोहोर लावायची आणि दुसऱ्याच्या हाती द्यायची, असा तिथला दंडक होता.

नवं कुलूप आलं तेव्हा दाजींनी त्याला तीन आठवडे बडव बडव बडवलं. पठ्ठ्यानं दाद दिली नाही. करवतीची चार पाती गेली. मग एका दुपारी कंटाळून त्यांनी साध्या प्लास्टिकच्या पेनाची पोकळ नळी कुलपाच्या किल्लीच्या गोल भोकात दाबून फिरवली. सात सेकंद. कुलूप सुटून पायावर पडलं.

त्यांनी तसं लिहून दिलं. दादानं, म्हणजे मालकानं, कागद वाचला, घडी घातली, खिशात टाकला.

"दाजी, चोर काय पेन घेऊन हिंडतात?"

"सगळं जग पेन घेऊन हिंडतं, दादा."

"चाळीस हजार कुलपं तयार आहेत. तुम्ही घरचे आहात, म्हणून सांगतो. हे घरातच राहू द्या."

घरचे आहात! या दोन शब्दांनी दादानं त्यांना आजवर कितीदा गप्प केलं होतं, त्याची गणती नव्हती.

आज खरेदीला बाई आल्या होत्या. त्यांच्या संस्थेच्या नर्स सायकलवरून घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांना औषधपाणी करत. दादाला प्रदर्शनाची भारी हौस. त्यानं दाजींना पिंजऱ्यात घातलं, दाराला आतल्या बाजूनं नवं कुलूप त्यांच्याच हातून लावून घेतलं, आणि मोहोरबंद पाकीट बाईंच्याच हातात दिलं. "आमचा सगळ्यात पक्का माणूस आत आहे, सगळी हत्यारं आहेत. दहा मिनिटांत बाहेर येऊन दाखवू दे!" लोखंड कापायचं मशीन तेवढं त्यानं सकाळीच आपल्या घरी पाठवून दिलं होतं.

दाजींनी घाम निथळेपर्यंत हातोडा चालवला. खिशात पेन होतं. बायका हसत होत्या, फोरमन मिनिटं मोजत होता. पिंजऱ्यातल्या माकडाचीही थोडी इज्जत असते, असं दाजींना वाटून गेलं.

दहा मिनिटं संपली. बाई जाळीजवळ आल्या.

"गेल्या महिन्यात आमच्या अकरा सायकली गेल्या. एक मुलगी पिशवी घेऊन चालत निघाली. पोचेपर्यंत आजोबांना इंजेक्शन द्यायची वेळ टळून गेली होती. तुम्ही रोज तोडता ना ही कुलपं? तुमच्या मुलीच्या सायकलला लावाल हे?"

दाजींच्या मुलीच्या सायकलला दुसऱ्याच कंपनीचं कुलूप होतं. त्यांनी स्वतः निवडून आणलेलं. बाईंच्या खांद्यावरून दादा त्यांच्याकडे बघत होता.

"हो," दाजी म्हणाले.

बाईंनी सही केली. दादा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला, माणसं जेवायला गेली. दाजींना स्वतःची इतकी लाज वाटत होती, की आपण अजून आतच आहोत हेही त्यांच्या उशिरा लक्षात आलं. पाकीट बाईंच्या पर्समध्ये गेलं होतं.

दादा धावत आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "कुणी नाही. उघडा तुमच्या त्या पेननं."

दाजी बघतच राहिले. "म्हणजे उघडतं, हे तुम्हाला पटलंय."

"अहो, मी करून बघितलं होतं घरी. आता चर्चा नको, उघडा."

"नाही. बाईंना बोलवा. त्यांच्यासमोर उघडतो."

"दाजी, डोकं फिरलंय का? माझ्या बहिणीला काय तोंड दाखवाल?"

ते खरं होतं. बायको महिनाभर बोलणार नव्हती, आणि हे काम गेलं तर या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? तरी दाजी स्टूल ओढून बसले. आणि बसूनच राहिले.

दादानं समजावलं, दम भरला, हात जोडले. शेवटी जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा त्यानं झक मारत फोन लावला. दाजींना वाटलं, जिंकलो.

"नमस्कार बाई! काही नाही हो, ती किल्ली तेवढी तुमच्याकडे राहिली... छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता? माझा ड्रायव्हर येऊन घेऊन जाईल."

दादानं जाळीकडे पाठ केली होती. किल्ली येणार होती, दार उघडणार होतं, आणि उद्यापासून पुन्हा तेच सगळं. दाजी उठले, दोन्ही मुठींनी जाळी धरली, आणि चौदा वर्षांत कधी काढला नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले,

"बाई, मी खोटं बोललो! ते कुलूप पेननं उघडतं! माझ्या पोरीच्या सायकलला मी ते लावलेलं नाही!"

दादा गर्रकन वळला. त्यानं फोनवर हात दाबला. मग हळूहळू हात काढून फोन कानाला लावला. पलीकडून बाई विचारत होत्या, "पेननं?"