उजवीकडचा ड्रम

मीनाक्षीताईंनी उजवीकडच्या ड्रमचं झाकण उचललं. कालच्या झेंडूच्या हारावर वरणभात सांडलेला होता.

गच्चीवर खताचे दोन ड्रम. डावीकडं खरकटं आणि भाजीची देठं, उजवीकडं फक्त देवाचं निर्माल्य. हा नियम त्यांचे यजमान श्रीधरराव यांचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो त्यांनी असा पाळला, की फुलांत केळीचं उष्टं साल दिसलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. त्यांच्या हातून हे होणं शक्यच नव्हतं. मग उरली कोण? धुण्याभांड्याची आशाबाई. ताईंनी तिला फैलावर घेतलं.

"म्या त्या डरमाला हात बी लावत नाय, काकू," आशाबाई म्हणाली. "काकाच टाकत्यात."

ते ताईंना फार झोंबलं.

पुढं ऋतूच सबबी पुरवत गेले. उन्हाळ्यात नळाला आठवड्यानं पाणी; प्यायलाच पुरेना, तिथं ड्रमला कुठलं? एरवी तांदळाचं धुवण ड्रमसाठी जपून ठेवणारे श्रीधरराव आता त्याचं भांडं हातात धरून ड्रमपाशी नुसते उभे राहायचे. ऊन बाधलं असेल, ताई म्हणाल्या. पावसाळ्यात दोन्ही ड्रम चिकचिकले, अळ्यांनी बुजबुजले, शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. वर वाळका पाला पसरायचा, हे श्रीधररावांना सुचलंच नाही. ताईंनी पावसाच्या नावानं बोटं मोडली. मनात पाल चुकचुकत होती, पण तिच्याकडं बघायची हिंमत होती कुणाला!

गणपती उठले आणि देवघरातला पितळी बाळकृष्ण नाहीसा झाला. लग्नात माहेरहून ताईंबरोबर आलेला.

"आशाबाईनंच नेला," श्रीधरराव म्हणाले. इतकं ठाम ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. त्यांचा तो जुना आवाज ऐकून ताईंना केवढा धीर आला, आणि तेवढ्यासाठीच त्यांनी ते खरं मानलं.

आशाबाईनं हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं. "तुमच्या देवाला कधी पाठ केली नाय म्या," एवढंच बोलली आणि गेली. गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही तिला कामावरून काढलं. बातमी ताईंच्याच तोंडून गेली होती.

थंडी पडली. गारठ्यात काही लवकर कुजेना. उजवीकडच्या ड्रमच्या तळाशी जे थोडंफार खत झालं होतं, ते ताई गुलाबांसाठी गच्चीवर चाळायला बसल्या. चाळणीत हारांचे दोरे उरले, नारळाची शेंडी, आणि काळा पडलेला बाळकृष्ण.

उन्हात बसलेले श्रीधरराव उठून आले. त्यांनी मूर्ती घेतली, कपाळाला लावली आणि उजवीकडच्या ड्रममध्ये अलगद ठेवली.

"निर्माल्य इकडं," ते समजुतीनं म्हणाले. "विसरत जाऊ नकोस गं."

ताईंना रडू फुटलं. पोटभर रडून झाल्यावर त्यांनी मूर्ती पुन्हा काढली, पदरानं पुसली. शहागंजच्या बाजारामागं आशाबाईची खोली होती. जाणं टाळता येणार नव्हतं, आणि यांना आता घरी एकटं ठेवणंही शक्य नव्हतं. ताईंनी त्यांना स्वेटर चढवला, पायात चपला सरकवल्या.

"कुठं निघालो आपण?" फाटकापाशी श्रीधररावांनी विचारलं.

"आशाबाईकडं. माफी मागायला."

"चल, मीही मागतो," ते म्हणाले. "पण आशाबाई कोण?"

ताईंनी कुलपाची किल्ली फिरवली आणि त्यांचा हात धरला.