डाव्या कमरेचं म्यान

हट्टी बाई बघायची असेल तर भुईगावच्या द्वारकाकाकीला बघावं. नारळावरून उतरताना नवऱ्याचा, हरिश्चंद्राचा, कमरेचा कोयता निसटला आणि मांडीत घुसला. दवाखान्यातून आल्या आल्या हिने कातडं मागवलं आणि कोयत्याला म्यान शिवायला बसली. शेजारणींनी नाकं मुरडली, "वाडीवाल्या बागायतदारांच्या घरात कातडं?" काकी म्हणाली, "तुमच्या नवऱ्यांच्या मांड्या शाबूत आहेत ना, म्हणून सुचतंय हे." त्याला बारा वर्षं झाली. आज त्याच शेजारणींच्या घरचा एकही कोयता काकीच्या म्यानाशिवाय झाडावर चढत नाही.

सोमवारी दुपारी चर्चमागच्या गल्लीतली थेरेसा आली. तिशीची पोरगी, एका सराफ बाईची अंगरक्षक. कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर.

"काकी, याला म्यान शिवून दे. शनिवारच्या आत."

"तुझी कंपनी देत नाही?"

"देते की. उजव्यांसाठी. मी डावखुरी."

तिने काय केलं होतं, तर कंपनीचं होल्स्टर उलटं करून डावीकडे बांधलं होतं. मागच्या महिन्यात दुकानाच्या जिन्यावर त्यातून रिव्हॉल्व्हर घसरलं आणि खणखणत पायऱ्या उतरलं. गोळी सुटली नाही, देवाची कृपा. म्हणून शनिवारी कंपनी तिची पुन्हा परीक्षा घेणार होती. नापास झाली तर हत्यार जमा करायचं आणि गेटवर उभं राहून गाड्या मोजायच्या.

"सात वर्षं घासली गं काकी, इथवर यायला," थेरेसा म्हणाली आणि तिने बाहीने डोळे पुसले.

"रडू नको. माप दे," काकी म्हणाली.

आता अडचण अशी की कोयत्याचं म्यान काकी खुद्द कोयत्यावर बसवायची. कातडं कोमट पाण्यात भिजवायचं, त्यातले बुडबुडे थांबले की बाहेर काढायचं, पात्यावर दाबायचं. सुकलं की कातडं तो आकार जन्मात विसरत नाही. पण रिव्हॉल्व्हर दुसऱ्याच्या घरी ठेवून जायला कायद्याची बंदी. म्हणून काकीने मापं घेतली आणि आंब्याच्या फळीतून हुबेहूब लाकडी रिव्हॉल्व्हर कोरलं. हरिश्चंद्र म्हणाला, "सुतारीण शोभतेस." काकी खुशीने फुगली. त्या लाकडावर ओलं कातडं बसवलं, सुकवलं.

बुधवारी थेरेसाने त्यात खरं रिव्हॉल्व्हर घातलं आणि कंबर हलवली. खुळखुळ, खुळखुळ! खाऊच्या डब्यात उरलेल्या एका लाडवासारखं ते आत फिरत होतं.

काकीने लाकूड हातात घेऊन पुन्हा मापलं. दोन दोऱ्यांइतकं जाड! कपाळावर हात मारून घेतला तिने. "अगं मी मूर्ख! लाकूड पाणी प्यायलं आणि फुगलं. पावसाळ्यात न्हाणीघराचं दार दरवर्षी खांदा लावून उघडते मी, आणि इथे अक्कल गहाण टाकली!"

थेरेसाचा चेहरा उतरला. "राहू दे काकी. गेटवर तर गेटवर."

"गप्प बस! बंदूक तुला सोडून राहू शकत नाही ना? मग तू राहा. उद्या सुट्टी टाक आणि ये."

गुरुवारी सकाळी थेरेसा हजर झाली. तिने गोळ्या काढून आपल्या पिशवीत ठेवल्या, चक्र उघडून काकीला रिकामी भोकं दाखवली आणि रिव्हॉल्व्हर पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं. तरी हरिश्चंद्र विहिरीपलीकडे जाऊन बसला आणि दर अर्ध्या तासाने ओरडत राहिला, "रिकामीच आहे ना गं?"

नवं कातडं शिवून भिजवलं. थेरेसाने हत्यार आत सरकवलं आणि काकी चमच्याची पाठ घेऊन बसली. आधी नळीच्या कडेने, मग चापाभोवतीच्या कडीत. तिथेच खरी पकड. अंगठ्याने खोल दाबायचं, पण नख लागू द्यायचं नाही, ओल्या कातड्यावर नखाचा ओरखडा कायमचा उठतो. तोंड मात्र थोडं मोकळं, म्हणजे न बघता हत्यार परत जाईल. मग काकीने ते ओलं म्यान पट्ट्यात ओवून थेरेसाच्या डाव्या कमरेवर बांधलं. "आता चाल. बस. वाक. तुझ्या हाडाचा बाक त्याला कळू दे."

दुपारी कंटाळून थेरेसा म्हणाली, "काकी, चुलीजवळ धरूया का? पटकन सुकेल."

"धर की! पापडासारखं वाकडं होईल, मग तेच तळून खा."

संध्याकाळी कातडं ताठ झालं तेव्हा रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं आणि म्यान सावलीत वाऱ्यावर टांगलं. शुक्रवारभर काकी त्याच्याभोवती घिरट्या घालत होती.

शनिवारी नायगावला, खाडीकडच्या मैदानावर, काकी स्वतः गेली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी म्यान उलटं धरून जोरात झटकलं. रिव्हॉल्व्हर तसूभर हललं नाही. मग शिट्टी वाजली. थेरेसाची नजर समोर, हात खाली, हत्यार बाहेर, हत्यार परत. दहा वेळा. एकदाही तिने खाली बघितलं नाही.

"ठीक," साहेब म्हणाले. "आता उजव्या हाताने दाखव. आमच्याकडे सगळे उजवे."

काकी बाकावरून उठलीच होती, पण थेरेसा आधी बोलली.

"नाही साहेब. लहानपणी हाच डावा हात बांधून ठेवायचे, जेवताना, लिहिताना. उजव्याचं सोंग करत मोठी झाले मी. त्या सोंगापायीच उजव्यांचं म्यान वापरलं आणि जिन्यावर बंदूक पडली. उद्या माझ्या बाईंवर कुणी चालून आला तर हाच हात पुढे जाणार. परीक्षा याची घ्या. नाहीतर हे घ्या, जमा करा."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. मग कागदावर सही करून म्हणाले, "पास. डावी कंबर, असं लिहितोय."

थेरेसा धावत आली आणि काकीच्या गळ्यात पडली. काकीच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती काही आनंदाची नव्हती.

"काय झालं काकी?"

"माझ्या लेकीचा, हेमांगीचा, डावा हात मीच बांधायचे गं, पदराने. आणि गेल्या रविवारी तिच्या आर्याने डाव्या हाताने प्रसाद घेतला, तर मी चापट मारली. सहा वर्षांची पोर! हात पाठीमागे लपवून बसली माझ्यापुढे."

काकीने पदराने नाक पुसलं आणि मैदानापलीकडच्या उंच इमारतींकडे बोट केलं. "तिथे राहतात दोघी. रिक्षा बघ. आधी हेमांगीची माफी मागते, मग आर्याची. त्याशिवाय मी भुईगावला परत येणार नाही."