कर्नल सालुरांतेचं मरणगाणं

कर्नल सालुरांते चौदा महिने आजारी होता.

आमच्या तोराजाच्या डोंगरात श्वास थांबला म्हणून माणूस लगेच मरत नाही. पहिला रेडा बळी पडेपर्यंत तो आजारीच. घराच्या दक्षिणेकडच्या खोलीत त्याला निजवायचं, सकाळ-संध्याकाळ कॉफी द्यायची, भात कसा आलाय ते सांगायचं, घरात भांडण झालं तर त्याच्या उशाशी आवाज खाली ठेवायचा. मोठ्या माणसाचं आजारपण लांबतं, कारण रेडे जमवायला वेळ लागतो. आणि कर्नल लहान माणूस नव्हता. सैन्यातून उतरला तो थेट बुपाती, म्हणजे जिल्ह्याचा मुख्य, झाला. त्या खुर्चीवर बसला, तो दहा वर्षं उठला नाही.

तेराव्या महिन्यात त्याचा मुलगा मार्कुस माझ्या ओट्यावर आला.

"रेरुंगआजी, बाबांच्या गाण्याची आई तुम्हीच व्हायला हवं."

मरणाच्या दिवशी माणसं काळे कपडे घालून, करंगळीत करंगळी अडकवून गोल उभी राहतात आणि मेलेल्याचं आयुष्य गातात. ओळ सांगणारा एकच. त्याला आम्ही गाण्याची आई म्हणतो, मग तो मिशीवाला का असेना. माझे वडील चाळीस वर्षं आई होते. त्यांच्यामागे मी.

"तुझं भाषण असतं की रोज कुठे ना कुठे. तूच गा की," मी म्हटलं.

"आजी, थट्टा नको. राज्यपाल येणार आहेत."

"मग त्यांना गाऊ दे."

तो कसनुसं हसला. येत्या निवडणुकीत त्याला बापाची खुर्ची हवी होती, हे डुकरांनाही माहीत होतं. त्याने खिशातून टाइप केलेला कागद काढला. जन्म, शाळा, पदकं, नदीवरचा पूल, दवाखाना, दोनदा बुपाती.

"यातलं काही राहायला नको, आजी."

मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. माझा भाऊ त्यात नव्हता.

"काही राहणार नाही," मी म्हटलं.

त्याने कागद तपासून आणला होता, गाणं तपासलं नाही. तपासणार तरी कसं? आमची ओळ पाय हलू लागल्यावरच सुचते.

माझा भाऊ दुमा. आमच्याकडे पहिलं मूल झालं की माणसाचं जुनं नाव पिकल्या पानासारखं गळतं. तो अमक्याचा बाप होतो, पुढे तमक्याचा आजा. दुमाला ती दोन्ही नावं मिळाली नाहीत. एकोणीस वर्षांचा दुमा, तो दुमाच राहिला.

त्या साली मळणीला सालुरांते आला होता. नवा लेफ्टनंट, नवे बूट. लहानपणी आमच्याच चुलीपाशी जेवलेला. चिखलात त्याचा बूट रुतला आणि पाय मोकळाच वर आला. दुमाच्या जिभेला तेवढंच पुरे होतं.

बूट आला शेताला, चिखल म्हणे बसा,
पाय पळाला घराला, बूट राहिला कसा?

सगळं खळं हसलं. लेफ्टनंटही हसला. त्याचे दात हसले.

त्या साली सैन्याच्या याद्या निघत होत्या. शेतकऱ्यांच्या संघटनेत कोण आहे, कोणाकडे कोण उठतं-बसतं. दुमाने संघटनेचं दारही पाहिलं नव्हतं. मळणीनंतर विसाव्या दिवशी जीप आली. जीप चालवायला डोंगरापलीकडचा लेबांग होता, तेव्हा कॉर्पोरल. सालुरांते बांधावर उभा राहून म्हणाला, "दुमा, जरा चल, एक सही करायचीय."

दुमाने पाटात हात धुतले. मला म्हणाला, "आलोच, ताई. रेड्याला सावलीत बांध."

पस्तीस वर्षं झाली.

सालुरांते बुपाती झाल्यावर मी त्याच्या कचेरीत गेले. एकदा नाही, सात वेळा. भरल्या खोलीत तो म्हणाला, "कोण दुमा? कुठल्याच नोंदीत असा माणूस नाही. ताई, तुम्हाला भास होतात. अरे, यांना साखरेची पुडी द्या." लोक हसले. मी पुडी घेतली आणि बाहेरच्या गटारात रिकामी केली.

ज्याचा देह सापडत नाही, त्याच्यासाठी आमच्याकडे एक वाट आहे. तो जिथे पडला तिथे जायचं, लुंगी पसरून तिथला वारा धरायचा, गुंडाळायचा, घरी आणायचा. मग ती गुंडाळीच देह. तिला रेडा मिळतो, गाणं मिळतं, ती पूयाला, मेलेल्यांच्या गावाला पोचते. पण वारा त्याच जागेचा लागतो. दुसरीकडचा चालत नाही. मला जागा हवी होती. बाकी काही नाही. लेबांगला विचारलं तर तो म्हणे, "मी समोर रस्ता बघत होतो, ताई. मागचं मला काय ठाऊक?" पुढे पुढे तर मी दिसले की तो पायवाटच बदलायचा.

रेडा पडायच्या आदल्या दुपारी मी कर्नलला भेटायला गेले. त्याच्या बायकोने, लाई बुआने, मला उशाशी जागा करून दिली.

"बसा, ताई. आज जरा बरे दिसताहेत."

"दिसतात खरे," मी म्हटलं. ती कॉफी ठेवून खाली पाहुण्यांकडे गेली.

तो कापडांच्या थरांत गुंडाळलेला होता, ढोलासारखा. "सालुरांते," मी म्हटलं, "उद्या तू मरशील. आज अजून ऐकू येतंय तुला. शेवटचं विचारते. कुठे ठेवलास माझा भाऊ?"

खाली कोणी तरी बांबू तोडत होतं. तो काही बोलला नाही. जिवंतपणी तरी कुठे बोलला होता?

"बरं. मग उद्या सगळ्यांना विचारते."

आजाऱ्याची कॉफी मी पिऊन टाकली. गोड होती.

दुसऱ्या दिवशी रेडा पडला आणि दुपारी दोनशे माणसं गोल उभी राहिली. खांबांवरच्या भाताच्या कोठाराखाली राज्यपाल, शेजारी मार्कुस. समोरच्या बाजूला, दोन पुतण्यांच्या करंगळ्या धरून, लेबांग. बुपातीच्या गाण्याला त्याचा जुना चालक आला नसता तर लोक बोलले असते.

मी गायला लागले. तो आभाळातून कसा उतरला, आईच्या पाठीवर कसा वाढला. दोनशे तोंडं माझी ओळ उचलत होती, लांबवत होती, पाय तिला जमिनीत घट्ट करत होते. मार्कुस मान डोलवत होता. मग मी गायले,

दुमा नावाचा पोर बांधावरून नेला,
हात धुऊन गेला तो, परत नाही आला.

ओळ तोंडातून बाहेर पडल्यावर लोकांच्या डोक्यात शिरली. तोवर ती गाऊन झाली होती. काही आवाज मध्येच विझले. पण त्या साली ज्यांच्या घरातला माणूस गेला होता, ती म्हातारी तोंडं उलट मोठी झाली. कितीतरी होती. मला वाटलं होतं त्याहून जास्त.

राज्यपालांना आमची भाषा येत नव्हती. ते गुडघ्यावर ताल धरून बसले होते. मार्कुस धावत माझ्या मागे आला.

"आजी, बंद करा."

"करू? इथेच?" मी पाय न थांबवता विचारलं. "तुझा बाप अजून अर्ध्या वाटेवर आहे."

मकास्सर शहरात शिकला असला तरी पोर आमच्याच डोंगरातलं. अर्ध्यावर थांबलेलं गाणं म्हणजे काय हे त्याला कळत होतं.

मी पुढची ओळ उचलली.

जीप गेली डोंगराला, थांबली ती...

आणि थांबले.

वर्तुळ डोलत राहिलं. अर्धी ओळ कोणी उचलू शकत नाही, अर्ध्या ओळीवर कोणी करंगळी सोडू शकत नाही. मेलेला त्या फटीतून वर्तुळातच शिरतो म्हणतात. मी लेबांगकडे पाहिलं. पुन्हा गायले, थांबली ती... नुसते पाय वाजले. तिसऱ्यांदा गायले. लेबांगचं तोंड उघडलं, मिटलं. त्याने हात ओढून पाहिले, पण भ्यायलेल्या पुतण्यांनी ते दोन्हीकडून घट्ट धरून ठेवले होते.

"काका, म्हणून टाका काय ते!" एक पुतण्या रडकुंडीला आला.

लेबांग चालीतच बोलला, फाटक्या आवाजात.

...थांबली ती चुन्याच्या खाणीत, वरच्या अंगाला.

दोनशे तोंडांनी जागा उचलली. चुन्याच्या खाणीत, वरच्या अंगाला. डोंगराने ती ऐकली, झाडांनी ऐकली, वर खोलीत गुंडाळलेल्यानेही ऐकली असेल.

मी दोन्ही करंगळ्या सोडवल्या आणि वर्तुळाबाहेर आले.

"आजी, पुढचं?" मार्कुसचा आवाज लहान झाला होता. "ताऱ्यांपर्यंत न्यायचं असतं ना? पूयाचं दार?"

"मला नाही येत."

"तुम्हालाच येतं! दुसऱ्या कोणालाच येत नाही!"

लाई बुआ जिना उतरून आली. तिने माझी बाही धरली. "ताई, ते वाटेत राहतील हो."

"हो," मी म्हटलं. "वाटेत राहतील."

ती खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. तिने माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. मला तिची कीव आली. तरी मी तिची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली.

मग लेबांगचं मनगट धरलं.

"चल."

"आत्ता? ताई, अजून मांस वाटायचंय. माझा वाटा..."

"खाण दाखव."

तो पुढे, मी मागे. चढावर तो दोनदा थांबला. दुसऱ्यांदा वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "ताई, मला लेकरं होती. हुकूम होता. मला तरी माफ कर."

"चाल, लेबांग," मी म्हटलं. "तुझं गाणंही मलाच म्हणायचंय."

तो भराभर चालायला लागला.